पडद्याआडची यक्षी

मृणालिनी मुखर्जींच्या शिल्पांमध्ये भिंती घालायच्या नाहीत, हा २०१९ मधल्या न्यूयॉर्कच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचा सगळ्यात शहाणा निर्णय. 'मेट ब्रॉयर' या संग्रहालयात शनय झवेरी यांनी मांडलेल्या 'फिनॉमिनल नेचर'मध्ये झिरझिरीत पडदे वळणं घेत जात होते आणि प्रेक्षक त्यांच्या कडेकडेने चालत होता.

याचं मोल कळायला ती शिल्पं कशी घडली ते पाहावं लागतं. मुंबईत जन्मलेल्या, बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या मृणालिनींनी ताग निवडला. माग नाही, आधी केलेलं रेखाटन नाही. रंगवलेल्या दोरीला हाताने गाठीवर गाठ मारत जायचं आणि आकार सुचेल तसा वाढू द्यायचा. 'यक्षी' (१९८४) जवळून पाहावी. गाठींच्या ओळी एकमेकींना इतक्या खेटतात की दोरीची कातडी होते. मग ती दुमडते, ओठांसारखी उलगडते आणि स्वतःच्याच वजनाने खाली ओघळते. शिल्प मांडताना घडी कुठे, किती सैल पडावी यावर इथे सगळं अवलंबून. आणि न्यूयॉर्कमध्ये ते सांगायला मृणालिनी नव्हत्या. २०१५ मध्ये दिल्लीतलं त्यांचं मोठं प्रदर्शन खुलं झालं आणि काही दिवसांतच त्या गेल्या.

गाभाऱ्यात शिरल्यावर मूर्तीसमोर माणूस जसा थबकतो, तशी भेट त्यांना हवी असे. पांढऱ्या भिंतीपुढे, दारातूनच पूर्ण दिसणाऱ्या शिल्पाशी अशी भेट होत नाही. पडदा आधी नुसती आकृती दाखवतो. वळण संपतं आणि यक्षी अंगावर येते. एका शिल्पासमोर उभं असताना दुसऱ्याची चाहूल डोळ्यांच्या कडेला राहते, ती वेगळीच. शिवाय वास्तुविशारद ब्रॉयर यांच्या १९६६ च्या इमारतीचं काँक्रीटचं चौकटी-चौकटींचं छत वर तसंच असतं. त्या काटेकोरपणाखाली ताग अधिकच सजीव वाटतो.

तागाला प्रखर प्रकाश सोसत नाही, रंग उडतो. पण मंद उजेड ही इथे तडजोड वाटत नाही, कारण बाजूने आलेल्या थोडक्या प्रकाशातच गाठींमधले खळगे खोल होतात.

ब्राँझच्या उत्तरकालीन कामांपाशी मात्र पडद्यांचा मृदूपणा मला नकोसा वाटतो. त्यांतल्या धातूच्या पानांच्या कडा धारदार आहेत. त्यांना लपंडाव नको, थेट, कोरडा प्रकाश हवा.