नाव आणि आराखडा : आल्फ्रिस्टनचे ‘क्लर्जी हाउस’

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात ककमिअर नदीकाठी आल्फ्रिस्टन हे खेडे आहे. तेथील सेंट अँड्र्यूच्या चर्चशेजारी चौदाव्या शतकातील, लाकडी सांगाड्याचे व गवताने शाकारलेले एक घर उभे आहे. ‘क्लर्जी हाउस’, म्हणजे धर्मोपदेशकाचे निवासस्थान, या नावाने ते प्रसिद्ध आहे. या नावामुळे वास्तूच्या रचनेत धार्मिक जीवनाच्या खुणा शोधण्याचा मोह अभ्यासकास होतो. तो आवरला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हे घर ‘वील्डन’ या गृहप्रकारात मोडते. केंट आणि ससेक्समधील सुखवस्तू शेतकऱ्यांची घरे याच धर्तीची असत. मध्यभागी छपरापर्यंत मोकळे दालन आणि त्याच्या दोन्ही अंगांस दुमजली खोल्या, अशी ही मांडणी. दालनात जमिनीवर उघडा विस्तव पेटे आणि धुराडे नसल्याने धूर छपरातून वाट काढी. दालनावर मजला का नव्हता, याचे उत्तर या धुरात आहे. या प्रकारात टोकांचे वरचे मजले खालच्या भिंतीपुढे येतात, मधले दालन मागे राहते. छप्पर मात्र सर्वांवर एकच. साहजिकच मध्यभागी वळचण भिंतीपासून पुढे येते व तिला वक्र लाकडी धिऱ्यांचा आधार द्यावा लागतो. अशा रीतीने आतील विभागणी दर्शनी बाजूवरच वाचता येते. दालनाची जमीन खडू चोपून व आंबट दुधाने पक्की करून तयार केलेली आहे. यांपैकी कशातही धर्मोपदेशकाचे म्हणून वेगळे काही नाही.

१८९६ साली नॅशनल ट्रस्टने हे जीर्ण घर १० पौंडांस विकत घेतले. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या या संस्थेने घेतलेली ही पहिली इमारत होय. किल्ला वा राजप्रासाद न घेता एका साध्या घरापासून आरंभ झाला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. गावचे व्हिकर बेनन यांनी त्यासाठी खटपट केली, हेही नमूद केले पाहिजे.

तेव्हा नाव निरर्थक नाही. ते या घराचा चर्चशी असलेला संबंध सांगते. राहणी मात्र आराखडा सांगतो. चर्चशेजारचे हे घर शेतकऱ्याच्या घराहून निराळे नाही, हा शोधातील अपुरेपणा नसून शोधाचे फलित आहे.