‘शोभत नाही’ या निकालाची जात

मराठीत ‘शोभणे’ हे क्रियापद दोन कामे करते. एखादे वस्त्र अंगाला खुलून दिसते तेव्हा ते शोभते, आणि एखादे वर्तन माणसाच्या पायरीला धरून असते तेव्हाही ते शोभते. ‘हे तुला शोभत नाही’ या वाक्यात सौंदर्याचा निकाल कोठे संपतो आणि पायरीची आठवण कोठे सुरू होते, हे बोलणाऱ्यालाही नेमके सांगता येणार नाही. ज्या समाजात वस्त्र ही जातीची खूण होती, तेथे दिसणे आणि पायरी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. भाषेने ती खूण जपून ठेवली आहे.

हा निकाल आज फार वेळा ऐकू येतो, तो जाड अंगाच्या स्त्रीने लेगिंग घातली की. सडपातळ मुलीच्या पायांवरची लेगिंग फॅशन ठरते. तीच रुंद कमरेच्या, भरल्या मांड्यांच्या बाईने घातली की बेढब, अश्लील, नाहीतर हास्यास्पद ठरते. प्राध्यापक-कक्षात, लग्नाच्या मांडवात, बचत गटाच्या बैठकीत हे मी ऐकत आले आहे. बोलणारे वाईट हेतूने बोलतात असेही नाही. बहुतेकांना ती साधी अभिरुचीची बाब वाटते. या अभिरुचीची वंशावळ तपासावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटेल त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की आपल्या आज्या-पणज्यांच्या लुगड्याचा बोटभर काठही गावाने कधी क्षुल्लक मानला नव्हता.

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. भूक, देवदेवस्की, सासुरवास आणि आंबेडकरी जागृती यांचा दस्तऐवज म्हणून त्याची चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. पण त्यातील वस्त्रविषयक तपशिलाचे मोल मला तितकेच मोठे वाटते. महार स्त्रीने लुगडे नेसताना त्याचे काठ दिसू देऊ नयेत, ते निऱ्यांत दडवावेत, असा दंडक होता. काठ मिरविण्याचा मान वरच्या जातीच्या स्त्रियांचा. या दंडकाचे मर्म नीट पाहिले पाहिजे. माग तोच, सूत तेच, काठही विणलेलाच. तिने लुगडे विकत घेऊ नये असे गाव म्हणत नाही. तिने उघडे राहावे असेही म्हणत नाही. नेसण्यातला जो आनंद डोळ्यांना दिसतो, तेवढा तिने लपवावा, एवढीच गावाची मागणी आहे. सत्तेला वस्त्राशी कर्तव्य नव्हते. कोणी दिसावे आणि कोणी दिसू नये, याच्याशी होते.

हा नियम आपल्यापुरता नव्हता. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे संघर्ष केला. अखेर २६ जुलै १८५९ रोजी राजाने जाहीरनामा काढला आणि त्यांना अंग झाकण्याची मुभा दिली. पण त्यात एक अट होती: वरच्या जातीच्या स्त्रियांप्रमाणे झाकू नये. झाका, पण आमच्यासारखे नको. मूळ वादाचा सांगाडा या एका अटीत उघडा पडतो. लज्जा हे केवळ निमित्त होते, राखायचे होते ते अंतर.

अशा पार्श्वभूमीवर महाडचे भाषण वाचले पाहिजे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. चांडाळ-श्वपचांनी मृतांची वस्त्रे ल्यावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे सांगणारा तो ग्रंथ. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी नेसण्याची रीत सोडा, गुडघ्यापर्यंत वर खोचलेले लुगडे खाली घ्या, गळ्यातल्या माळा आणि हातभर कथलाचे दागिने टाका, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असा त्यांचा उपदेश होता. स्त्रियांनी तो तेथल्या तेथे अमलात आणला. चित्रे आणि टिपणीस कुटुंबांतील स्त्रियांनी त्यांना नेसण्याची पद्धत दाखविली. ग्रंथ जळाला आणि लगेच त्या ग्रंथाने नेमून दिलेला वेष उतरला, असा हा क्रम आहे. पहिल्या घटनेवर जेवढे लिहिले गेले त्या मानाने दुसरीवर फारच थोडे. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) सिद्ध केले, तेव्हा कोठे या चळवळीतील स्त्रिया नावागावासह इतिहासात आल्या.

या भाषणाचे आज काय झाले आहे? दरवर्षी १४ जानेवारीला नामांतराच्या स्मृतिदिनी आपल्या विद्यापीठाच्या दरवाजापाशी गर्दी लोटते. पांढऱ्या साडीतल्या वयस्क बाया असतात, तशा कुर्ता-लेगिंगमधल्या, जीन्समधल्या मुलीही असतात. अशा मुलींना, विशेषतः त्या अंगाने भरलेल्या असल्या तर, आपलेच काही ज्येष्ठ महाडची आठवण देतात: बाबासाहेबांनी नीट नेसायला सांगितले होते. मला हे वाचन मुळातच चुकीचे वाटते. महाडच्या भाषणाचा गाभा साडी नाही. ज्या वेषावरून तुम्हाला दुरूनच हीन म्हणून ओळखले जाते तो वेष झुगारा, हा त्याचा गाभा आहे. १९२७ साली घोट्यापर्यंतचे लुगडे हे त्या झुगारण्याचे साधन होते. साधनालाच आज्ञा मानली, तर ज्या भाषणाने स्त्रियांना एका गणवेशातून सोडविले त्याच्याच आधारे आपण त्यांना दुसऱ्या गणवेशात घालू. खुद्द बाबासाहेबांनी कोट-पतलून घातले. १९२१ साली गांधीजींनी मदुराईत पंचाचा स्वीकार केला. त्यागायला ज्याच्याजवळ वस्त्र आहे, त्याला त्याग शोभतो. ज्याला वस्त्रच नाकारले गेले, त्याने ते पुरते अंगभर घालणे हेच बंड असते. गावोगावच्या पुतळ्यांवरचा तो कोट त्या अंगाला शोभतो की नाही, हा प्रश्न आपल्या मनाला शिवतही नाही, आणि ते बरोबरच आहे. मग आपल्या मुलीच्या बाबतीतच तो का सुचतो?

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. जाड अंगाची ब्राह्मण स्त्रीही या हशातून सुटत नाही, मग यात जात कोठे आली? सुटत नाही हे खरे. हिंदी चित्रपटातल्या उमादेवींचे उदाहरण घ्या. १९४७ च्या ‘दर्द’ मधल्या गाण्यांनी त्यांचा आवाज घरोघर गेला. पुढे त्या ‘टुणटुण’ झाल्या, आणि त्यांचे पडद्यावरचे नाव हीच जाड मुलींना चिडविण्याची शिवी झाली. गाणारा गळा विसरला गेला, कंबर तेवढी लक्षात राहिली. स्त्रीदेहाची ही थट्टा सर्व जातींत चालते.

पण ज्या मापाने हा देह मोजला जातो ते माप कोठून आले? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणती कन्या वरावी याची लक्षणे आहेत: मृदू अंगाची, बारीक दातांची, विरळ लव असलेली, हंसासारख्या किंवा हत्तीसारख्या चालीची. ही उन्हात न राबणाऱ्या बाईची लक्षणे आहेत. संस्कृत काव्याने हीच बाई ‘तन्वी’ म्हणून गौरविली, मराठी कादंबरीने ती ‘शेलाटी’ केली, आणि विवाहविषयक जाहिरातींनी तिला ‘गोरी, सडपातळ, सुस्वरूप’ अशा तीन शब्दांत बसविले. शेवटी या सगळ्याचा मुक्काम लग्नाच्या बाजारात आहे, आणि तो बाजार जातीचा आहे. रुंद तळव्यांची, काळ्या दंडाची, डोक्यावर भारा वाहणारी बाई या मापातून जाड होण्याच्या कितीतरी आधी बाद झालेली होती. वरच्या जातीची जाड स्त्री मापात कमी पडते. आपली स्त्री त्या मापाच्या मोजपट्टीवर कधी घेतलीच गेली नाही.

भाषाच याला साक्ष आहे. प्रतिष्ठित घरची बाई जाड झाली की ती ‘खात्यापित्या घरची’. आपल्या वस्तीतली बाई जाड झाली की तिच्या ‘अंगावर चरबी चढली’. चरबी या शब्दाचा दुसरा अर्थ माज हा आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. एकीचा मेद संपन्नतेची खूण, दुसरीचा मेद उद्धटपणाची. तिने भरपेट खाल्ले हाच जणू अपराध.

वस्तुस्थिती अशी की भरपेट म्हणावे असे खाणेही पुष्कळदा नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के जाड किंवा अतिजाड आढळल्या, १८.७ टक्के प्रमाणापेक्षा कृश, आणि ५७ टक्के रक्तक्षयी. म्हणजे स्थूल देहातही रक्त कमी असू शकते. गहू-तांदूळ आणि तेल पोटात जाते, डाळ-भाजी-दूध-अंडी परवडत नाहीत, बाळंतपणे झालेली असतात, दिवस शिलाई मशीनवर किंवा कार्यालयाच्या खुर्चीत जातो. अशा देहाला हावरेपणाचा पुरावा मानणे हे अज्ञान आहे. आरोग्याची काळजी म्हणून बोलतो असे सांगणाऱ्यांनीही विचार करावा. भल्या पहाटे विद्यापीठाच्या परिसरात भरभर चालायचे तर लेगिंगइतके सोयीचे दुसरे वस्त्र कोणते? चाल म्हणायचे आणि चालायचे कपडे घालू नको म्हणायचे, ही काळजी नव्हे.

अश्लीलतेच्या आरोपाचेही तसेच. तमाशातल्या बाईचा घट्ट कासोटा पाहायला पैसे उधळणारा समाज आणि तिला अश्लील म्हणणारा समाज एकच होता. शैलजा पैक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या आयुष्यातून हेच दाखविले, की ‘अश्लील’ हे विशेषण कपड्याला चिकटण्याआधी जातीला चिकटलेले असते. नऊवारीच्या कासोट्यात पोटऱ्या दिसतात. एखाद्या शोभायात्रेत ती संस्कृती ठरते, फडावर ती चाळे ठरते. २०१५ साली तमिळमधल्या ‘कुमुदम रिपोर्टर’ या नियतकालिकाने रस्त्यावरच्या स्त्रियांची लेगिंगमधली छायाचित्रे त्यांच्या परवानगीविना मुखपृष्ठावर छापून मर्यादा ओलांडली गेल्याची हाकाटी केली. २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने विद्यार्थिनींना जीन्स आणि लेगिंगची बंदी घातली. आपल्या राज्याच्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षिकांसाठी साडी, किंवा सलवार-चुडीदारासह कुर्ता आणि दुपट्टा, असा वेष नेमून दिला. पुरुषांनाही शर्ट खोचायला सांगितले आहे, हे नमूद केले पाहिजे. पण दुपट्टा कोणासाठी आहे आणि त्याने काय झाकायचे आहे, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

काठ लपविण्याची सक्ती आणि लेगिंगवरचा हशा या दोन गोष्टी समान आहेत, असे मी म्हणत नाही. काठ दिसला तर गावाचा रोष ओढवे. आज फार तर खसखस पिकते. हे अंतर आपल्या लढ्याने मिळविलेले आहे, ते कमी लेखू नये. तरीही वाक्याची रचना बदललेली नाही. घे, नेस, पण दिसू देऊ नको. तेव्हा त्याला रूढी म्हणत, आता अभिरुची म्हणतात. रूढीविरुद्ध सत्याग्रह करता येतो. अभिरुचीविरुद्ध उभे राहायचे तर आधी ती कोणाची, हे विचारावे लागते, आणि हे विचारणे समीक्षेचे काम आहे.

ते काम आपण आपल्या साहित्याबाबतही केलेले नाही. दलित साहित्याने प्रस्थापितांचे सौंदर्यशास्त्र नाकारले, त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. पण आपल्या कवितेतली आणि कथेतली स्त्री पाहा. ती राबणारी आई आहे, विटंबना झालेली बहीण आहे, ‘गोलपिठा’ (१९७२) पासून बाजारात उभी असलेली वेश्या आहे. या देहांचे दुःख खरे होते आणि ते लिहिले जाणे आवश्यकच होते. मात्र या देहाला दुःखाखेरीज काही असू शकते, त्याला कापडाचा मऊपणा आवडू शकतो, आरशात स्वतःकडे पाहून बरे वाटू शकते, हे आपल्या लेखनात अपवादानेच येते. उर्मिला पवार यांनी ‘आयदान’ (२००३) मध्ये स्वतःच्या देहाविषयी मोकळेपणाने लिहिले, तेव्हा एक वाट दिसली. त्या वाटेने फारसे कोणी पुढे गेलेले नाही. नायिका रेखाटायची झाली की आपलाही लेखक नकळत तिला सडपातळ करतो, आणि जाड बाई आणायची तर ती भांडखोर सावकारीण किंवा विनोदाचे पात्र असते. सौंदर्यशास्त्र नाकारले, मोजपट्टी मात्र तीच राहिली.

म्हणून पुढच्या कथालेखकाकडे एक मागणी करावीशी वाटते. गुलमंडीवर गर्दीत उभी राहून, चार पैसे कमी करून घेऊन, लाल लेगिंग विकत घेणारी एक जाड बाई त्याने लिहावी. ती आशा कार्यकर्ती असेल, पतसंस्थेत कारकून असेल, नाहीतर आमच्यासारखी पहिल्या पिढीची शिकलेली. ती लेगिंग तिने घालावी, कामाला जावे, संध्याकाळी दमून घरी यावे. तिची थट्टा करू नये, तिला शिक्षा करू नये, आणि तिच्यातून कसला संदेशही काढू नये. हे लिहायला वाटते तितके सोपे नाही. ज्या दिवशी ते सहज लिहिता येईल, त्या दिवशी निऱ्यांत दडवलेला काठ आपल्या साहित्यातही बाहेर आला, असे म्हणता येईल.