सूडाची शोकांतिका : ‘घाशीराम कोतवाल’

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) हे प्रामुख्याने सत्ताकारणाचे नाटक मानले जाते. तथापि त्याचे मूळ अपमानात आहे. चोरीचा खोटा आळ व मारहाण सोसलेला घाशीराम पुण्यावर सूड उगवण्याची प्रतिज्ञा करतो आणि स्वतःची मुलगी नानांच्या स्वाधीन करून कोतवाली मिळवितो. म्हणजे सूडाचा पहिला बळी अपराधी नव्हे, निरपराध कन्या ठरते. अखेरीस घाशीराम मारला जातो, नाना मात्र सुरक्षित राहतात. व्यवस्था अन्यायग्रस्ताच्या सूडालाच आपले हत्यार बनविते, हे या नाटकाचे मर्म होय. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात झालेल्या धम्मदीक्षेने अन्यायग्रस्तांपुढे सूडाऐवजी स्वाभिमानाचा मार्ग ठेवला. घाशीरामाने शत्रूची सत्ताच उसनी घेतली, हीच त्याची शोकांतिका.