सुगरणीचे घरटे : बहिणाबाईंची कविता आणि सालिम अलींचे निरीक्षण

प्रस्तावना :

मराठी निसर्गलेखनाची चर्चा बहुधा अरण्याभोवती फिरते. मारुती चितमपल्ली, व्यंकटेश माडगूळकर यांच्या लेखनाने ही दृष्टी घडविली आणि समृद्धही केली. परंतु घराच्या परिसरात, नित्याची कामे करीत असताना झालेल्या पक्षिनिरीक्षणाची दखल समीक्षेने त्या मानाने कमी घेतली आहे. विहिरीवर झुकलेल्या झाडाला किंवा बांधावरील बाभळीला टांगलेले सुगरणीचे घरटे हा अशा निरीक्षणाचा परिचित विषय होय. या एकाच घरट्याकडे पाहणाऱ्या दोन दृष्टींचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

किहीम येथील निरीक्षण :

इ. स. 1930 मध्ये सालिम अली जर्मनीतून परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांचे पद निधीअभावी रद्द झाले होते. अलिबागजवळील किहीम येथे पत्नी तहमिना यांच्यासह राहत असताना घरालगतच त्यांना सुगरण पक्ष्यांची वसाहत आढळली. तिच्या सातत्यपूर्ण निरीक्षणावर आधारित लेख 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातून स्पष्ट झालेला क्रम असा : घरटे नर विणतो. ते शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत आले की माद्या पाहणी करतात. एखाद्या मादीने ते पसंत केले, तरच नर अंड्यांचा कप्पा व प्रवेशाची नळी पूर्ण करतो आणि पुढे दुसऱ्या घरट्याच्या उभारणीस लागतो. नापसंत घरटी अर्धवटच राहतात. अंडी उबविणे व पिलांचे संगोपन यांचा मुख्य भार मादीवर असतो.

बहिणाबाईंची कविता :

जळगाव परिसरातील बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्यांनी रचलेली गाणी 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील सुगरणीच्या खोप्यावरील कविता शालेय अध्यापनामुळे सर्वपरिचित आहे. तिच्यात घरटे विणणारी मादी आहे, पिलांसाठी झाडाला जीव टांगणारी आई आहे. जीवशास्त्राच्या कसोटीवर विणकामाचे हे श्रेय चुकीचे ठरते.

मात्र एवढ्यावरून निरीक्षण उणे ठरविणे घाईचे होईल. घरट्याच्या विणीला कवितेने गिलक्याच्या कोशाची उपमा दिली आहे. वाळलेल्या गिलक्यातील तंतूंची एकमेकांत गुंतलेली जाळी ज्याने हाताळली आहे, त्याला ही उपमा किती अचूक आहे हे सांगावे लागत नाही. चोच हेच एकमेव हत्यार आणि माणसाला मात्र दोन हात व दहा बोटे, ही तुलनाही कारागिराच्या नजरेतून आली आहे. म्हणजे वस्तूचे निरीक्षण काटेकोर आहे. चूक कर्त्याच्या लिंगाविषयी आहे.

चुकीचे मूळ :

ही चूक एका व्यक्तीची नव्हे, ती भाषेतच रुजलेली आहे. ‘सुगरण’ हे पक्ष्याचे नावच मुळी गृहकुशल स्त्रीला लावल्या जाणाऱ्या शब्दाचे आहे. घर नीटनेटके ते स्त्रीमुळेच, हा सामाजिक संकेत नावातून पक्ष्यावर लादला गेला आणि कवितेने तो वारशाने स्वीकारला. शास्त्रीय भाषाही यातून पूर्णतः सुटलेली नाही. नराच्या वर्तनाला लावली जाणारी ‘बहुपत्नीकत्व’ ही संज्ञा मानवी कुटुंबव्यवस्थेतूनच आली आहे. या संज्ञेमुळे नर केंद्रस्थानी येतो. प्रत्यक्षात त्याच्या श्रमाचे भवितव्य मादीच्या निवडीवर अवलंबून असते, हा किहीमच्या निरीक्षणाचा गाभा मागे पडतो.

या दृष्टीने पाहता दोन्ही पाठ परस्परांना पूरक ठरतात. कवितेने मादीला न केलेल्या विणकामाचे श्रेय दिले. परंतु पिलांमध्ये गुंतलेल्या तिच्या जिवाविषयीचे कवितेचे विधान संगोपनाच्या वस्तुस्थितीशी जुळते.

निष्कर्ष :

वर्गात ही कविता शिकविताना दोन सोपे मार्ग अवलंबिले जातात. एक, शास्त्रीय सत्य अनुल्लेखित ठेवणे. दोन, ‘कवितेला विज्ञान लावू नये’ असे सांगून प्रश्न मिटविणे. दोन्ही मार्ग विद्यार्थ्याच्या निरीक्षणशक्तीवर अन्याय करतात. पावसाळ्यात विहिरीकाठी पिवळ्या माथ्याचा नर विणताना पाहिलेला ग्रामीण विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की पुस्तकावर, अशा पेचात सापडतो. त्याला दोन्ही पाठ एकत्र दिल्यास कविता खोटी ठरत नाही. उलट भाषा काय दाखविते आणि काय झाकते, याचे भान त्याला येते. साहित्य व जीवशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन शिकवावा, असा हा पाठ महाविद्यालयाच्या आवारातील एखाद्या झाडावरही उपलब्ध असू शकतो.