नेतृत्वाची भाषा : पंडिता रमाबाईंच्या बायबल-भाषांतराविषयी

बायबलच्या जुन्या करारात नहेम्याची कथा आहे. इराणच्या बादशहास द्राक्षारस देणारा हा सेवक परवानगी घेऊन यरुशलेमेस जातो आणि पडलेला तट बावन्न दिवसांत उभा करवितो. पुष्कळांस तो आपापल्या घरासमोरचा भाग नेमून देतो. अधिकाऱ्याचा भत्ता मात्र स्वतः घेत नाही. नेतृत्वाचे उदाहरण म्हणून ही कथा येथवरच सांगण्याचा प्रघात आहे. परंतु तिचा खरा कळस पुढेच आहे. तट पुरा झाल्यावर लोक चौकात जमतात, एज्रा शास्त्री त्यांस नियमशास्त्र वाचून दाखवितो आणि लेवी त्याचा अर्थ उलगडून सांगतात. श्रोत्यांत स्त्रियाही असतात. वाचलेले लोकांस समजले, तेव्हाच ते कार्य पुरे झाले.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र वाचताना आम्हांस या कथेची आठवण होते. त्यांचे आईबाप दुष्काळात गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणून त्यांस आश्रय दिला. केडगावचे मुक्तिसदन हा त्यांनी बांधलेला तट होय. या कार्याचा गौरव पुष्कळ झाला आहे. तथापि त्यांचा दुसरा उद्योग, म्हणजे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर, वाङ्मयाच्या अभ्यासकांकडून उपेक्षितच राहिला. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांनी या कामास दिली. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच खिळे जुळविले, छपाई केली आणि १९२४ साली, बाईंच्या निधनानंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ज्या बाईंस भागवत मुखोद्गत होते, कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली ज्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्यांनीच संस्कृतप्रचुर मराठी जाणूनबुजून टाकावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रचलित भाषांतराची भाषा खेड्यातील बाईस कळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. शिवाय ज्या शब्दांस हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटले आहेत, तेही त्यांनी शक्य तेथे टाळले. त्यांच्यापूर्वी फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या क्रिस्तपुराणात नेमका उलट मार्ग धरला होता. त्यांनी ओवी घेतली आणि स्वर्गास वैकुंठ म्हटले. रेव्हरंड टिळकांनीही ख्रिस्तभक्तीस अभंगाचा वेष दिला.

आता दोहोंचे तारतम्य पाहू. रमाबाईंच्या भाषांतरात मूळ शब्दाला चिकटून राहण्याचा आग्रह इतका आहे की मराठी वाक्य जागोजाग अवघडते. उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले, यात नवल नाही. आमच्या मते याहून मोठी उणीव दुसरी आहे. साधी भाषा आणि परंपरेची भाषा या परस्परविरुद्ध आहेत, असे बाईंनी गृहीत धरले. वस्तुतः जात्यावर बसणाऱ्या निरक्षर बाईच्या तोंडीही संतांचे शब्द होतेच. ते शब्द तिला परके नव्हते. परके होते ते पंडिती समास. बाईंनी समासांबरोबर संतांचे शब्दही दूर केले, आणि त्यामुळे त्यांच्या गद्यातील ओलावा कमी झाला.

एवढे म्हटल्यावरही त्यांच्या हेतूचे मोल उणे होत नाही. आम्ही ख्रिस्ती नाही. तरीही एका शिक्षकाच्या नात्याने या भाषांतराचे ऋण आम्ही मानतो. येथे उज्जयिनीत, नानाखेड्याच्या परिसरात, मराठी घरांतील मुले बाहेर दिवसभर हिंदीच बोलतात. एकदा प्रार्थनेच्या वेळी आम्ही नहेम्याची हीच कथा ‘कर्तव्यपरायणता’, ‘लोकसंग्रह’ अशा शब्दांनी नटवून सांगितली. नंतर विचारले, तर एकाही मुलास ती सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ‘ज्याने त्याने आपल्या घरासमोरची भिंत बांधली’ एवढ्यापासून आरंभ केला, तेव्हा मागच्या रांगेतील मुलगीही कथा पुढे नेऊ लागली. दोष मुलांच्या मराठीचा नव्हता, आमच्या मराठीचा होता.

२०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु तट उभारून झाल्यावर चौकात वाचन व्हावे लागते, आणि ते मागे उभ्या असलेल्यांसही कळावे लागते. रमाबाईंनी ते काम पत्करले. त्यांचे भाषांतर सर्वत्र साधले नाही. पण ते कोणासाठी करावयाचे, हे त्यांस पक्के ठाऊक होते. आम्हां शिक्षकांनी आपल्या प्रत्येक व्याख्यानापूर्वी तेवढा प्रश्न स्वतःस विचारावा.