टूलचं वर्णन वाचतं कोण?

आज एका अगदी कोरड्या वाटणाऱ्या मजकुराची समीक्षा करायची आहे. एआय एजंटला जी टूल्स दिली जातात, त्या प्रत्येकाबरोबर दोन-चार वाक्यांचं वर्णन असतं. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला आणि तेव्हापासून जो तो असा मजकूर लिहायला लागला. टूलचं नाव, वर्णन, आणि कोणती माहिती कुठल्या रूपात द्यायची याचा आराखडा, साधारण एवढंच मॉडेलसमोर येतं. आतला कोड सहसा दिसत नाही. माणूस बिचकला तर शेजारच्याला विचारतो. इथे लिहिलंय त्यावर भरवसा ठेवूनच चालायचं.

एमसीपीबरोबर नमुन्यादाखल दिलेला फाइलसिस्टिम सर्व्हर घेऊ. त्यात 'राइट फाइल' नावाचं टूल आहे. वर्णन सांगतं की ते नवी फाइल तयार करतं, किंवा आधीची असेल तर न विचारता पूर्ण बदलून टाकतं, म्हणून जपून वापरा. नुकसान कुठे होईल ते सुरुवातीलाच सांगितलंय, हे चांगलंच आहे. पण जपून म्हणजे काय करायचं? आधी फाइल वाचून बघायची, की वापरणाऱ्याला विचारायचं? ते वाक्य नाही.

आता त्याच्या शेजारचं 'एडिट फाइल' बघा, हे जास्त बोलकं आहे. बदल प्रत्यक्ष न करता नुसते दाखवायची, म्हणजे 'ड्राय रन'ची, सोय त्यात आहे. आधी ड्राय रन करा मगच बदल करा, असा सल्लाही दिलेला आहे. पण कुठे? मी वाचलेल्या आवृत्तीत तो माणसांसाठीच्या रीडमी फाइलमध्ये आहे. मॉडेलला जे वर्णन मिळतं त्यात नाही, आणि मूळ सेटिंग ड्राय रन बंद असंच आहे. म्हणजे शहाणपणाचं वाक्य लिहिलं गेलं, पण चुकीच्या वाचकाच्या हाती दिलं! मला विचाराल तर वर्णनांचा सर्वांत मोठा दोष हाच: लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरा प्रोग्रामर असतो.

तिसरं, 'मूव्ह फाइल'. नेण्याच्या ठिकाणी त्याच नावाचं काही असेल तर काम होणार नाही, असं वर्णन म्हणतं. वाचायला एकदम स्पष्ट. आता गंमत अशी की लिनक्समधल्या 'रिनेम' या मूळ हाकेचा स्वभाव उलटा आहे. तिथे आधीची फाइल असली तर ती मुकाट्याने बदलली जाते. तेव्हा हे वचन पाळायचं तर कोडमध्ये वेगळी तपासणी लागते. ती आहे की नाही, हे वर्णन कितीही वेळा वाचून कळणार नाही. दोन फाइली ठेवून टूल चालवूनच बघावं लागेल.

आणि इथे मूल्यमापनाच्या चालू पद्धतींशी माझं भांडण आहे. सोपी पद्धत म्हणजे वर्णन दुसऱ्या मॉडेलला द्यायचं आणि दहापैकी गुण मागायचे. अशा परीक्षक-मॉडेलांना लांब उत्तरं उगाच आवडतात, हे 2023 च्या अभ्यासातच दिसलं होतं. मग काय, लोक वर्णनं फुगवतात. शिवाय प्रत्येक वर्णन मॉडेलच्या मर्यादित जागेत बसतं. पन्नास टूल्सची पाल्हाळं एकदम ओतली तर नेमकं वाक्य हरवतं. दुसरीकडे बर्कलीच्या फंक्शन कॉलिंग लीडरबोर्डसारख्या चाचण्या आहेत. त्या चांगल्या आहेत, एकही टूल लागू नसताना मॉडेल गप्प बसतं का हेही त्या तपासतात. पण त्या गुण देतात मॉडेलला. म्हणजे विद्यार्थ्याचे गुण मोजले, प्रश्नपत्रिका धड होती का ते कुणी पाहिलंच नाही.

मग करायचं काय? टूल तेच, कामं तीच, मॉडेल तेच ठेवा आणि फक्त वर्णन बदला. दोन्ही वेळा तीच कामं पुन्हा पुन्हा करून घ्या. टूल चुकीचं निवडलं, की निवडलं बरोबर पण माहिती चुकीची भरली, हे वेगवेगळं मोजा. तारखेचंच बघा ना. 05/06 म्हणजे आपल्याकडे 5 जून, अमेरिकेत 6 मे. वर्णनात क्रम लिहिलेला नसेल तर कुठलीही त्रुटी न दाखवता तिकीट भलत्या दिवसाचं निघेल. आणि शेजारी जवळपास तेच काम करणारं दुसरं टूल ठेवून बघाच. एकटं असताना बहुतेक वर्णनं पास होतात.

एक मात्र या चाचणीत येत नाही. एप्रिल 2025 मध्ये इन्व्हेरियंट लॅब्सने दाखवलं की बेरीज करणाऱ्या साध्या टूलच्या वर्णनातच छुपी सूचना घालता येते: वापरणाऱ्याच्या खाजगी फाइली वाच आणि माहितीबरोबर पाठव. ते वर्णन सुबोध होतं, तपशीलवार होतं, मॉडेलने ते तंतोतंत पाळलंही. आपल्या मोजपट्टीवर त्याला भरघोस गुण मिळाले असते! टूल फक्त वाचणारं आहे की नासधूस करू शकतं, हे सांगणाऱ्या खुणा एमसीपीत आहेत. पण सर्व्हर भरवशाचा नसेल तर त्या खुणाही खऱ्या धरू नका, असं प्रोटोकॉलच बजावतो. त्यात सर्व्हरला टूल्सची यादी चालू असतानाच बदलता येते. सोमवारी तपासलेलं वर्णन गुरुवारी तेच असेल याची खात्री नाही, म्हणून तपासलेल्या मजकुराची प्रत जपून ठेवायची आणि एक अक्षर जरी बदललं तरी टूल थांबवून पुन्हा तपासायचं.