एका घरातील दोन विश्वास
(‘स्मृतिचित्रे’चे पुनर्वाचन)

मोहफुलांचे दिवस होते. गडचिरोली जिल्ह्यातील एका लहान गावी घरभेटीस गेलो असता, अंगणात फुले वाळत घालणाऱ्या एका भगिनीने मला विचारले, ‘‘फादर, यायनं बाप्तिस्मा घेतला. आता मी यायची कोन?’’ मी तिला संत पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्रातील सातव्या अध्यायाचा आशय सांगितला. अविश्वासी पत्नी नांदावयास राजी असेल, तर पतीने तिचा त्याग करू नये. तिने मान डोलावली व ती पुन्हा कामाला लागली. परतताना माझ्या ध्यानी आले की, मी तिला नियम सांगितला होता. तिने विचारले होते ते निराळेच होते. तो प्रश्न मनात ठेवूनच मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावयास घेतली.

चार भागांतील हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती मंडळींत ते बहुधा धर्मांतराची विजयगाथा म्हणून वाचले जाते. इतर मराठी वाचक त्यातील निर्मळ विनोदावर लुब्ध होतात. माझ्या मते ही दोन्ही वाचने अपुरी आहेत. पतीचा विश्वास पत्नीच्या विश्वासाआधी बदलला, तर त्या विवाहाचे व त्या दोघांच्या आत्मिक स्वास्थ्याचे काय होते, हा या ग्रंथाचा गाभा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी श्रद्धेवर विपुल लिहिले. परंतु त्यांच्या श्रद्धेची घरातली कसोटी त्यांच्या पत्नीने लिहून ठेवली आहे.

या कथेचा एक धागा आपल्या विदर्भातून जातो. टिळक काही काळ नागपुरास होते. तेथून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळी पत्नी सोबत नव्हती. सत्य गवसलेल्या माणसाने किती थांबावे, हा प्रश्न सोपा नाही, हे मी जाणतो. तरीही टिळकांच्या चरित्रातील ही जागा गौरवाच्या भरात ओलांडून जाऊ नये. ज्या दिवशी एकाच्या आत्म्याला विसावा मिळाला, त्याच दिवशी दुसरीचा आधार सुटला.

लक्ष्मीबाई कडक सोवळे पाळणाऱ्या वडिलांच्या घरात वाढल्या होत्या. धर्म म्हणजे विटाळापासून जपणे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी आप्तांच्या आश्रयाने वर्षे काढली. हे सारे लिहिताना त्या पतीला दोषी ठरवीत नाहीत आणि स्वतःला सतीही म्हणवीत नाहीत. टिळकांचा तापटपणा, न सांगता घराबाहेर पडण्याची खोड, हातातला पैसा भलतीकडे जाणे, या गोष्टी त्या हसत सांगतात. त्याच हसण्याने स्वतःचा हट्टही सांगतात. या विनोदात मला क्षमेचे रूप दिसते. मात्र एक उणेही नोंदविले पाहिजे. कित्येकदा हे हसू इतके लवकर येते की, त्याखालचे दुःख वाचकाच्या हातून निसटते. तेथे वाचकानेच क्षणभर थांबावे.

ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग पुनर्मीलनानंतरचा आहे. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या आपला धर्म घेऊनच. त्या आपले सोवळे पाळीत, आपले वेगळे रांधीत. ख्रिस्ती पतीच्या घरात ही दुसरी चूल पेटत राहिली आणि टिळकांनी ती विझविली नाही. एरवी उतावळ्या असलेल्या या पुरुषाच्या आयुष्यातील हा मोठाच संयम होय. पुढे एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला. पशुपक्ष्यांत जाती दिसतात, माणसांत मात्र स्त्री आणि पुरुष एवढाच भेद दिसतो. मग जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले आणि सोवळे गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या वाटेने. श्रद्धेची कृती स्वभावतःच मुक्त असते, हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सांगितले. या घराने ते त्याआधी ६५ वर्षे जगून दाखविले होते.

टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे. विवाह हा संस्कार आहे, ही आपली शिकवण त्यांच्या पंथात नाही. पण आपल्या शिकवणीच्या प्रकाशात पाहिले तर एक सुंदर गोष्ट दिसते. पतिपत्नी दोघेही बाप्तिस्मा घेतात तेव्हा त्यांचा पूर्वीचा वैध विवाहच संस्कार होतो. पुन्हा मांडव घालावा लागत नाही. १८८० च्या सुमारास बालवयात लागलेले ते लग्न वीस वर्षांनी कृपेचे चिन्ह झाले. आरंभीचे काहीही पुसावे लागले नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. १९१९ साली ते निवर्तले आणि अपुऱ्या राहिलेल्या त्या काव्याचे पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. मागून आलेली पत्नी अशी पुढे गेली.

चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा या जिल्ह्यांत पसरलेल्या आपल्या धर्मप्रांताची पायाभरणी १९६२ साली झाली. आपल्या धर्मग्रामांतही पतिपत्नींपैकी एकच रविवारी मिस्साबलीस येतो, अशी घरे आहेत. अशा घरांकडे आपण ‘अर्धे राहिलेले काम’ म्हणून पाहतो. मीही तसाच पाहत आलो, हे येथे कबूल करतो. ‘स्मृतिचित्रे’ने मला शिकविले की, त्या घरातील दुसरी चूल हा आपल्या संयमाचा विषय आहे.

पावसाळ्यापूर्वी मी त्या भगिनीकडे पुन्हा गेलो. म्हणालो, ‘‘बाई, तुम्ही त्यांच्या पत्नी होता, आहात आणि राहाल. घाई त्यांनी करू नये. मीही करणार नाही.’’ ती हसली व तिने चहा ठेवला. ग्रंथाची माझी प्रत तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीजवळ देऊन आलो आहे. ती आईला रोज थोडे वाचून दाखविते. आपल्या घरांतही तो असाच मोठ्याने वाचला जावा आणि पतीने व पत्नीने तो शेजारी बसून ऐकावा.